येतो म्हणून गेलेले

गुरुवारी सकाळी ‘अडकित्ता’वर शेंगाचटणीवरून जुंपली होती. लसूण आधी कुटायचा की दाणे, एवढाच काय तो प्रश्न, पण दुपार होत आली तरी कुणी मागे हटेना. ‘सुंठसाखर’ म्हणे, आमच्याकडे लसूण शेवटी घालतात. ‘निवृत्त नाठाळ’ म्हणे, म्हणूनच तुमच्याकडे कुणी जेवायला थांबत नाही. वृषाली अवताडे पडद्यासमोर बसून एकटीच खो खो हसत होती.

‘अडकित्ता’ ही गप्पांची साइट. कुणीतरी एखादा विषय काढायचा, त्याला म्हणायचं धागा, आणि त्याच्याखाली बाकीच्यांनी प्रतिसाद देत यथेच्छ भांडायचं. नावं सगळी टोपणनावं. वृषाली तिथली कारभारीण, म्हणजे किल्ल्या तिच्याकडे. कुणाला आत घ्यायचं, कुणाला समज द्यायची, कुठला प्रतिसाद केराच्या टोपलीत टाकायचा, सगळं तिने बघायचं. साइट सुरू केली तेव्हा चौघं कारभारी होते. एकाला कंटाळा आला, एक परदेशी गेला, एकीला नातवंडं झाली. वृषालीला यातलं काहीच झालं नाही, म्हणून ती राहिली.

पेशाने ती मुद्रितशोधक. एका वर्तमानपत्रात बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ केल्या. पुढे ते काम यंत्रं करायला लागली आणि तिचं टेबल एका सोमवारी उचलून नेलं. सवय मात्र सुटली नाही. ‘अडकित्ता’वर कुणी ‘आणी’ लिहिलं की हिने प्रतिसादात शिरून वेलांटी ऱ्हस्व केलीच म्हणून समजा. टोपणनावही घेतलं होतं ‘कातरी’. त्यावरून टोमणे कमी खाल्ले नाहीत, पण ती बधली नाही.

जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर तिचं घर. भाऊ नागपुरात, त्याचा फोन दिवाळीला. भाजी उडत येऊन बाल्कनीत उतरायची, रिक्षात ड्रायव्हर नसायचा, बँकेत माणूस नसायचा, दवाखान्यात आधी अर्धा तास भिंतीशी बोलावं लागायचं. पूर्वी निदान भाजीवालीशी दोन रुपयांवरून हुज्जत घालता यायची. आता आठवडा आठवडा जायचा आणि कुणाशी समोरासमोर एक वाक्य बोलणं व्हायचं नाही. पण वृषालीला विचारलं असतं तर म्हणाली असती, छे हो, मी कुठली एकटी! माझ्याकडे चौदा जण आहेत.

त्या चौदांत एक होता ‘अर्धा कप’. रोज चारच्या सुमाराला तो लिहायचा, “कातरीबाई, चहा झाला का?” नाव काय, गाव कुठलं, वय किती, कशाचा पत्ता नाही. सुरुवातीला भारी खडूस माणूस. शुद्धलेखनावरून दोघांची अशी काही खडाजंगी व्हायची की बाकीचे तमाशा बघत बसायचे. तो रुसून चार-चार दिवस गायब व्हायचा. अलीकडे निवळला होता. भांडण झालं तरी चारला हजर. वृषालीच्या मनात त्याच्यासाठी नेमकं काय होतं, ते तिने कधी शब्दांत मांडलं नाही. पण चार वाजायला आले की ती केस नीट करायची. पडद्यातून कुणाला दिसत नाही, हे काय तिला ठाऊक नव्हतं?

साइट चालायची ‘मांडणी’ या सॉफ्टवेअरवर. स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी असते ना, तसंच हे: मजकूर कुठल्या कप्प्यात ठेवायचा, कुठला कप्पा कुणाच्या हाताला लागू द्यायचा, सगळं आखून दिलेलं. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट आणि खुलं. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, आपल्याला हवं तसं बदलावं. त्यातली सगळी मराठी वृषालीची. ‘मांडणी’ हे बारसंही तिनेच केलेलं. बाहेर पडायच्या बटणावर काय लिहायचं यावरून तेव्हा मोठा वाद झाला होता. एक म्हणाला ‘निर्गमन’. दुसरा म्हणाला ‘बाहेर पडा’. वृषाली भडकलीच. “अहो, आलेल्या माणसाला बाहेर पडा म्हणता? आणि आपल्यात निघताना कुणी जातो म्हणतं का? येतो म्हणतात!” झालं. बटणावर ‘येतो’ आलं, आणि बायकांसाठी ‘येते’. लोकांना ते इतकं आवडलं की नुसती खिडकी बंद करून जाण्याऐवजी आवर्जून बटण दाबून जायची चाल पडली.

तर येत्या रविवारी याच ‘मांडणी’चा एक वर्ग सोलापुरात भरणार होता. गावोगावच्या वाचनालयांना आपापल्या साइट काढायच्या होत्या. वर्ग घेणारी मिहिका डोईफोडे, ‘मांडणी’च्या मंडळात काम करणारी पंचविशीतली मुलगी. तिने वृषालीला गळ घातली होती, “ताई, कारभाऱ्याची सगळी बटणं तुम्हीच दाखवा. आणि ‘अडकित्ता’वरच दाखवा. इतकी जिवंत साइट मी दुसरीकडे बघितली नाही.”

जिवंत! हा शब्द वृषालीने आठवडाभर जिभेवर घोळवला होता.

गुरुवारी दुपारी ती रंगीत तालीम करायला बसली. आधी सदस्यांच्या पायऱ्या: कारभारी, संपादक, लेखक, वाचक. मग कच्चे मसुदे. मग मजकूर आज लिहून पाडव्याला आपोआप छापायची सोय. मग ‘आवृत्त्या’, म्हणजे एखाद्या लिखाणात कुणी कधी काय बदललं ते मागे जाऊन बघायचं आणि वाटलं तर जुनं रूप परत आणायचं. सगळं मोठ्याने बोलून पाहिलं. घरात आवाज घुमला तशी तीच दचकली.

शेवटचं बटण ‘दुरुस्ती’. हे दाबलं की साइटला बाहेरून कुलूप. येणाऱ्याला फक्त पाटी दिसते, ‘दुरुस्ती चालू आहे. अडचण असल्यास कारभाऱ्यांना कळवा’, आणि खाली कारभाऱ्याचा फोन नंबर. आत कारभाऱ्याशिवाय कुणी राहत नाही. वृषालीने हे बटण आजवर दाबलंच नव्हतं. साइट घटकाभरही बंद ठेवायची तिला हिंमत व्हायची नाही.

“मंडळी, पाच मिनिटं दार लावतेय,” तिने आधी रीतसर लिहिलं. मग दाबलं. मोबाइलवरून बाहेरून उघडून पाहिलं. पाटी होती, नंबर होता. बरं झालं म्हणून ती पुन्हा मोठ्या पडद्याकडे वळली.

‘सुंठसाखर’ने लिहिलं होतं, “ते दार राहू द्या. लसणाचं काय ठरलं?”

आधीचं अडकलेलं आता आलं असेल, वृषाली मनाशी म्हणाली. तोवर ‘निवृत्त नाठाळ’ने लिहिलं, “ठरायचंय काय? तुम्ही हरलात.” तिने पुन्हा मोबाइल पाहिला. पाटी जागेवर होती. दाराला कुलूप, आत ती एकटी, आणि गप्पा रंगात आलेल्या.

मग चारच्या सुमाराला ओळ उमटली. “कातरीबाई, चहा झाला का?”

तिने खुर्ची मागे सरकवली आणि मिहिकाला फोन लावला.

“मिहिका, साइट बिघडलीय गं. दुरुस्ती लावली तरी लोक आत बोलतायत.”

“असं कसं होईल?” मिहिका म्हणाली. “बाहेरून कुणी येऊच शकत नाही, ताई. लिहिणारा आतलाच असणार.” मग तिने विचारलं, “तुमच्याकडे ‘सांभाळ’ चालू आहे का?”

“असेल. मागे नवीन आवृत्ती चढवली तेव्हा विचारलं होतं, गैरहजर सदस्यांची जागा सांभाळायची का म्हणून. मी हो म्हटलं. कुणाची जागा कशाला घालवायची?”

“मग तेच लिहितंय, ताई,” मिहिका म्हणाली.

इथे जरा मागे जायला हवं. गप्पांच्या साइटवरचं जुनं दुखणं म्हणजे डुआयडी. एकच महाभाग दोन-दोन नावं घेऊन येतो, एका नावाने लिहितो आणि दुसऱ्या नावाने स्वतःचीच पाठ थोपटतो. तो पकडायला ‘मांडणी’त ‘पारख’ नावाचा भाग आला. माणूस नाव बदलतो, पण लिहायची ढब बदलत नाही. कुणी ‘पण’ लिहितो, कुणी ‘परंतु’. कुणाचं वाक्य ‘म्हणजे’ने सुरू होतं, कुणाला ‘हो ना’ जोडल्याशिवाय चैन पडत नाही. अशा शेकडो लकबी गोळा करून ‘पारख’ प्रत्येकाच्या लेखणीचा ठसा घ्यायची. ठसा बरोबर आहे का हे तपासायला ती एक खेळ खेळायची: या माणसाच्या अर्ध्या वाक्यापुढे कुठला शब्द येईल, ते ओळखायचं. वर्षानुवर्षं खेळून ती त्यात तरबेज झाली. आता बघा, ज्याला पुढचा शब्द ओळखता येतो, त्याला पुढचं वाक्यही लिहिता येतं. पकडणारीच नक्कल करायला शिकली. ‘सांभाळ’ने तेवढंच हेरलं. तात्पुरत्या गैरहजर सदस्याच्या ठशावरून चार ओळी लिहायच्या, म्हणजे धागा तुटत नाही, साइट थंड पडत नाही. हेतू वाईट नव्हता.

“पण ते तात्पुरत्यांसाठी आहे, ताई,” मिहिका सांगत होती. “कोण परत येणार आणि कोण गेला, हे यंत्र निघतानाच्या बटणावरून ठरवतं. बाकी भाषांत त्या बटणावर बाहेर पडल्याचंच काहीतरी लिहिलेलं असतं. माणूस गेला की गेला. तुमच्या बटणावर...”

“येतो,” वृषाली म्हणाली.

“हो. यंत्राने तो शब्द खरा धरला.”

“आणि जे बटण न दाबता गेले?”

“त्यांच्या नावाने कुणी लिहीत नाही.”

म्हणजे उद्धटपणे खिडकी आपटून गेले ते सुटले, आणि रीतसर निरोप घेऊन उठले त्यांना या पोरीच्या यंत्राने बसवून ठेवलं. दुसरी कुणी असती तर हसली असती. वृषालीने बोटांवर नावं मोजली.

“माझ्याकडे चौदा जण आहेत,” ती म्हणाली. “त्यातले खरे किती, ते दिसतं का तुला?”

“थांबा, बघते.” बटणांचे आवाज आले. “ताई...”

“बोल गं. मी काय कोसळून पडत नाही.”

“लिहिणारं माणूस एकच आहे, ताई. तुम्ही.”

“आणि वाचणारे?”

“वाचायला येण्याची नोंद आहे. पण त्यात निम्मी शोधयंत्रं असतात. माणूस कुठला, ते नाही सांगता येत.”

“बरं, ‘अर्धा कप’ कधीपासून?”

“चार वर्षं होतील.”

वृषालीने “बरं” म्हणून फोन ठेवला. चहाचं आधण ठेवलं. ते आटून गेलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की साखर, पत्ती काहीच टाकलं नव्हतं.

दुरुस्तीची पाटी काढून ती पुन्हा बसली. काय लिहावं कळेना. शेवटी लिहिलं, “अर्धा कप, तुम्ही आहात का?”

लगेच उत्तर, “म्हणजे काय बाई! आधी चहाचं सांगा.”

त्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारून बघू, तिने ठरवलं. आणि मग तिला रडूच आलं, कारण तसं काही नव्हतंच. दोघांत जे काही झालं, भांडणं, कोपरखळ्या, तिच्या ऑपरेशनच्या आधी त्याने सांगितलेला तो पांचट विनोद, सगळं याच पानांवर. साइटबाहेर त्यांचं काही नव्हतं. जे तिला माहीत, ते यंत्राला माहीत. त्याने नोंदवलेल्या पत्त्यावर तिने मेल धाडला. असा पत्ताच नाही म्हणून परत आला.

मग तिने ‘आवृत्त्या’ उघडल्या आणि मागे मागे जात चार वर्षांपूर्वीच्या त्याच्या खऱ्या शेवटच्या प्रतिसादावर आली. “छातीत जळजळतंय. पडतो थोडा वेळ. उद्या बोलू.” खाली नोंद होती: कारभारी ‘कातरी’ यांनी दुरुस्त केले. तिने मूळ रूप उघडलं. त्याने लिहिलं होतं, “ऊद्या बोलू.”

माणूस छातीला हात लावून निरोप घेत होता आणि हिने काय केलं, तर ‘ऊ’चा ‘उ’ केला. बरं आहे का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतरचे त्याचे प्रतिसाद ती वाचत सुटली. चार वर्षांत एक चूक नाही. प्रत्येक ‘उद्या’ ऱ्हस्व. ‘पारख’ शिकली ती हिने सुधारलेल्या मजकुरावरून, तेव्हा चुका तिला दिसणार कुठून? वृषालीला आठवलं, दोन वर्षांपूर्वी तिने कौतुकाने लिहिलं होतं, “सुधारलात हो, अर्धा कप!” आणि तो म्हणाला होता, “तुमच्या कात्रीची कृपा.” तेव्हा दिवसभर ती गुणगुणत होती. आता तिला स्वतःची अशी चीड आली की उठून पडदाच विझवावा. पण विझवला नाही. विझवला असता तर घरात काय उरलं असतं?

शुक्रवारी मिहिकाचा फोन आला. आवाज मऊ, पण मुद्द्याला धरून.

“ताई, मी विचार केला. रविवारी ‘सांभाळ’ची गोष्ट नको काढायला. आलेले लोक बिचकतील. नुसती गजबज दिसू दे त्यांना.”

“खोटी गजबज?”

“तुम्हाला आतापर्यंत कळलं का खोटी आहे ते? कुणाचं काय बिघडलं? उलट तुम्हाला सोबत झाली. बंद केलंत तर उद्यापासून तिथे काय असेल, सांगा बरं.”

मुलगी वाईट नव्हती. फोन ठेवल्यावर वृषालीने तिचाच प्रश्न स्वतःला विचारला. काय बिघडलं होतं? चौदा जण रोज तिची वाट बघत होते, तिच्या विनोदांना हसत होते. ते तसेच ठेवता आले असते, ती जगेल तितकी वर्षं. आणि मग तिच्या मनात आलं की आपणही रोज ‘येते’ दाबूनच उठतो. आपण गेल्यावर आपल्या नावानेही हा भाग लिहीत बसेल. चटणीवरून भांडत राहतील पंधरा जण, आणि खोलीत माणूस एकही नसेल. शनिवारभर तिने साइट उघडली नाही. चारला केस मात्र नीट केले, आणि मग कंगवा हातात धरून तशीच बसून राहिली.

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात तीसेक माणसं होती. मंगळवेढ्याचे एक निवृत्त मास्तर पहिल्या रांगेत वही काढून बसले होते. वृषालीने सुरुवात छान केली. पायऱ्या दाखवल्या, मसुदे दाखवले. “लेखकाला छापायचं बटण देऊ नका,” ती म्हणाली, “नाहीतर रात्री सुचलेली कविता सकाळी तुमच्या डोक्यावर बसते.” लोक हसले. मागच्या मोठ्या पडद्यावर ‘अडकित्ता’ चालूच होता, आणि ‘निवृत्त नाठाळ’ने ‘अर्धा कप’ला काहीतरी फटकळ उत्तर दिलं, त्यालाही लोक हसले. मिहिका खुशीत होती.

“आता आवृत्त्या.” वृषालीने तो प्रतिसाद उघडला. “हे गृहस्थ ‘अर्धा कप’. यांनी ‘ऊद्या’ दीर्घ लिहिलं. मी ऱ्हस्व केलं. शुद्धलेखनाच्या नियमाने माझं बरोबर आहे.” तिने ती ओळ पडद्यावर मोठी केली. “पण हे त्यांचे शेवटचे शब्द होते. ते मी दुरुस्त करायला नको होते. इथे बटण आहे, ‘जुने रूप परत आणा’. मी ते दाबतेय.”

पडद्यावर ‘ऊद्या’ आलं. सभागृहात चुळबुळ झाली. मिहिका जागची उठली.

“पण बाई, हे गृहस्थ तर आत्ताच वर काहीतरी लिहीत होते,” मास्तर म्हणाले.

“ते नव्हेत, सर. ते गेले बहुतेक. हे यंत्र आहे.” आणि तिने सगळं सांगितलं. ‘पारख’, ‘सांभाळ’, ‘येतो’चं बटण. लपवाछपवी केली नाही. “हा भाग तुमच्याही साइटवर असेल. चालू ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. फक्त माहीत असू द्या. मी मात्र बंद करतेय.”

“ताई, निदान आत्ता नको,” मिहिका हळूच म्हणाली.

“मग कधी गं? घरी एकटीने मला नाही जमणार.”

तिने आधी दुरुस्तीचं कुलूप लावलं. मग ‘सांभाळ’समोरची खूण काढली. यंत्राने विचारलं, ‘नक्की?’ हा प्रश्नही तिनेच मराठीत आणला होता. तेवढ्यात चारचा सुमार झाला म्हणून ओळ उमटू लागली, “कातरीबाई, च”. तिने ‘हो’ दाबलं. ओळ तिथेच राहिली. वर कोपऱ्यात ‘हजर सदस्य’ पुढे चौदा अधिक एक होते, त्याचा नुसता एक झाला. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. मास्तर वही मिटून बसले होते.

घरी आल्यावर ती सरळ आडवी झाली. सोमवार तसाच गेला. मंगळवारी तिने भाताला फोडणी दिली आणि गॅस बंद करून खिडकीत उभी राहिली. एवढं गप्प घर तिने कधी ऐकलं नव्हतं. चूक केली आपण, तिला वाटलं. चांगली चाललेली चौदा माणसं आपल्या हाताने विझवली. खोटी का होईना, बोलत होती. संध्याकाळी उठून ती खूण पुन्हा लावायची, असं ठरवूनच टाकलं तिने.

आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. यंत्रं हल्ली फोन करत नाहीत, परस्पर बोलतात. तिने घाईघाईने उचलला.

“हॅलो? अडकित्ता का?” बाईचा आवाज, लातूरकडचा. “ते दुरुस्तीची पाटी दिसायलीय ओ दोन दिवसापासून. मला वाटलं, काय झालं की काय. नंबर होता म्हणून लावला.”

वृषालीच्या लक्षात आलं, कुलूप काढायचं राहूनच गेलं होतं. “तुम्ही... तुमचं टोपणनाव काय?”

“मला कुठलं टोपणनाव! मी नुसती वाचते. गंगासागर केंद्रे. औशापल्याड सोलरच्या प्लांटवर देखरेखीला असते. काचा पुसायला यंत्र हाय, मी त्या यंत्राला बघत बसायचं. दिवसभर कुणी येत नाही बघा इकडं. मग तुमचं वाचते. लै वर्षं झाली.”

“लै वर्षं? मग एकदाही लिहिलं कसं नाही?”

पलीकडून हसू आलं. “राग मानू नका. तुम्ही कातरी ना? तुम्ही वेलांट्या काढता लोकांच्या. माझं शुद्धलेखन म्हणजे आनंदच. म्हटलं, कशाला हसं करून घ्या.”

वृषाली भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसली. जिने कधी एक ओळ लिहिली नाही, तिचा ठसा यंत्राकडे असणार कुठून? हिची नक्कल कुणी केली नव्हती. करताच आली नसती.

“गंगासागरताई,” ती म्हणाली, “एक सांगते. ते सगळे लिहिणारे आता नाहीत. ती माणसं नव्हती. यंत्र लिहीत होतं त्यांच्या नावाने.”

“मला वाटलंच होतं थोडं थोडं.”

“काय सांगता!”

“ते अर्धा कप आधी रुसायचे ना ओ. चार दिवस यायचे नाहीत. मला करमायचं नाही मग. नंतर रुसायचेच बंद झाले. माणूस असा एकदम शहाणा होतो का? मी मनात म्हटलं, ह्यांचं काहीतरी झालं.”

“मग तरी वाचत राहिलात?”

“तुम्ही होता ना,” गंगासागर सहज म्हणाली. “तुम्ही खऱ्या होता. तुम्ही दवाखान्यात होता त्या महिन्यात कातरीचं नाव यायचं, पण त्या तुम्ही नव्हता. तवा मी नाही वाचलं. परत आलात तशी वाचाया लागले.”

परत आल्यावर त्या महिन्याची पानं वृषालीने कधी मागे जाऊन वाचलीच नव्हती. तोंडावर हात दाबून ती रडत होती आणि पलीकडची बाई “हॅलो, हॅलो” करत होती.

“आहे, आहे मी,” ती शेवटी म्हणाली. “कुलूप काढते बघा आत्ताच. पण ऐका, आता तिथे कुणी नाही. मी एकटी लिहून काय लिहू? तुम्ही लिहा. कसंही लिहा. मी हात लावणार नाही, शब्द देते.”

“बघू की,” गंगासागर लाजून म्हणाली. “चटणीचं मला ठाऊक हाय तसं. लसूण आधीच कुटायचा.”

“हेच लिहा!”

“बरं. चला, ते यंत्र थांबलंय तिकडं, बघायला पाहिजे. ठेवते मग.”

“अहो, ठेवते काय?” वृषाली एकदम म्हणाली. “येते म्हणा.”

पलीकडे गंगासागर हसली. मोकळं, मोठ्याने, त्या सगळ्या काचांच्या रानात एकटीच.

“येते, ताई. ऊद्या येते,” ती म्हणाली, आणि वृषालीला तो ‘ऊ’ अगदी दीर्घच ऐकू आला.